गोंगाटाचा घाव



इमारत उभारणाऱ्या हातांचे आपण कौतुक करतो. त्या कामगारांच्या कानांचा मात्र विचार करीत नाही. ८५ डेसिबल आवाजात ८ तास काम, ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. पुढे दर ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. १०० डेसिबलला तो अवघा १५ मिनिटे उरतो. खडक फोडणाऱ्या यंत्राचा आवाज त्याहूनही अधिक असू शकतो.

अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रियही तेथेच, अगदी शेजारी वसलेले आहे. तीव्र आवाजाची झळ त्यालाही पोहोचू शकते. परांचीवरील गवंड्याचा तोल क्षणभर ढळला, किंवा सावधगिरीची हाक त्याला ऐकू आली नाही, तर प्रश्न कानाचा न राहता प्राणाचा होतो.

गावात शाळेचे वा रस्त्याचे काम चालू असेल तेथे एक साधी कसोटी घ्यावी. हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज घातक समजावा. तेथे कर्णरक्षक पुरवावेत, कामाच्या पाळ्या बदलत्या ठेवाव्यात व दरवर्षी श्रवणचाचणी करवावी. गोंगाटाने गेलेली श्रवणशक्ती कोणतेही अनुदान परत आणू शकत नाही.