आंपांगची न्याहारी



सकाळच्या न्याहारीस आपल्या घरीं पोहे, उपमा किंवा थालीपीठ असतें, आणि त्यावांचून दिवस नीट सुरू होत नाहीं अशी आपली पक्की समजूत असते. मलेशियांतील चिनी माणसाची समजूतहि अशीच पक्की आहे. त्याच्या न्याहारीचे प्रकार पुष्कळ. त्यांपैकीं एकाविषयीं, म्हणजे भरलेला टोफू आणि शेवया यांविषयीं, आज मी आपल्याशीं बोलणार आहें. विषय हलका वाटेल. परंतु माणसें आपला मुलूख सोडून दूर जातात तेव्हां त्यांच्या हातीं काय उरतें, हा प्रश्न हल्लीं आपल्याहि पुष्कळ घरांतून उभा आहे, आणि त्याचें थोडेंसें उत्तर या पदार्थांत सांपडतें.

क्वालालंपूर शहराच्या पूर्वेस आंपांग नांवाचें उपनगर आहे. तेथें एके काळीं कथिलाच्या खाणी होत्या. १८५७ सालीं ८७ चिनी खाणकामगार या बाजूच्या रानांत कथिल शोधण्यास आले. त्यांतील बहुतेक हिंवतापानें थोड्याच दिवसांत दगावले. त्यांच्या जागीं दुसरे आले, आणि खाणींच्या व्यापारांतून पुढें क्वालालंपूर शहर उभें राहिलें. या खाणवाल्यांत हक्का लोकांचा भरणा मोठा होता. शहराच्या उभारणींत ज्याचें नांव अग्रभागीं घेतलें जातें तो याप आ लॉय हाहि हक्काच. १८६८ सालीं तो तेथील चिनी वस्तीचा कापितान, म्हणजे मुखिया, झाला.

हक्का या शब्दाचा अर्थ पाहुणे लोक असा आहे. यांचे पूर्वज उत्तरेकडून निघून शतकानुशतकें दक्षिण चीनकडे सरकत गेले. जेथें गेले तेथें सपाट, सुपीक जमीन दुसऱ्यांनीं आधींच धरलेली होती. म्हणून ते डोंगराळ भागांत राहिले आणि पाहुणे हें नांव त्यांना कायमचें चिकटलें. उत्तरेस गहूं पिकतो. तेथें कणकेच्या पारींत सारण भरून आपल्या मोदकासारखे पदार्थ करतात. दक्षिणेस मुख्य पीक भाताचें. तेव्हां पारीच्या जागीं त्यांनीं टोफू घेतला आणि त्यांत सारण भरलें, अशी परंपरागत कथा आहे. पदार्थाचें नांवहि 'योंग ताउ फू', म्हणजे भरलेला टोफू, असेंच आहे.

टोफू करण्याची रीत आपल्या गृहिणींना समजण्यासारखी आहे. सोयाबीन रात्रभर भिजवून वाटावयाचे, पाणी घालून उकळावयाचे व गाळावयाचे. या दुधांत जिप्समसारखा क्षार घातला कीं तें फाटतें. मग तें दाबून त्याच्या वड्या पाडतात. आपण लिंबू पिळून पनीर करतों त्याचीच ही बहीण. टोफूला स्वतःची चव फारशी नसते. ज्याच्या संगतींत पडेल त्याची चव तो घेतो.

सारण चीनमध्यें बहुधा डुकराच्या मांसाचें असे. मलायाच्या किनाऱ्यावर मासळी विपुल, म्हणून तेथें माशांचें सारण रूढ झालें. सुरमईसारख्या माशाचें मांस चमच्यानें खरवडून काढतात, मीठ व थोडें पाणी घालून एकाच दिशेनें घोटतात, आणि तो गोळा भांड्यावर पुनःपुन्हां आपटतात. मिठामुळें मांसांतील प्रथिनें सुटीं होऊन चिकट बनतात, आणि आंच लागली कीं तींच घट्ट बांधलीं जातात. त्यामुळें सारणाला लवचिकपणा येतो. हें सारण केवळ टोफूंत भरून ते थांबले नाहींत. भेंडी, वांगें, कारलें, लांब मिरची यांनाहि चीर देऊन त्यांत तें भरतात.

कांहीं वर्षांपूर्वीं मी तेथें नोकरीस असलेल्या माझ्या मुलीकडे दोन महिने राहिलों होतों. एका रविवारीं सकाळीं ती मला व माझ्या नऊ वर्षांच्या नातीला आंपांगच्या एका दुकानांत घेऊन गेली. गोल टेबलें, साधीं स्टुलें आणि तीन पिढ्या एकत्र बसलेलीं कुटुंबें. आपल्याला हवे ते तुकडे आपणच निवडावयाचे. पैसे तुकड्यांच्या संख्येवर. कांहीं उकडून रश्शांत येतात, कांहीं तळून दाट तपकिरी रसांत. सोबत तांदळाच्या शेवया, किंवा वाफवलेल्या तांदळाच्या पातळ पापुद्र्याच्या वळकट्या. गव्हाच्या पिंवळ्या शेवयाहि मिळतात. त्यांच्या कणकेंत आपल्या पापडखारासारखा खार घालतात, आणि त्यानेंच त्या पिंवळ्या व चिवट होतात. वर कापडी गाळणींतून गाळलेली, घट्ट गोड दुधाची कॉफी. शाकाहारी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं भेंडी दिसली तरी तिच्या पोटांत मासा आहे. मी कोंकणांतला, त्यामुळें मला अडचण पडली नाहीं. नातीनें तर पहिल्याच घांसाला आपल्या अडखळत्या मराठींत सांगून टाकलें, "आजोबा, ही भरली भेंडी आहे!"

दुकानाची मालकीण साठीच्या पुढची. एका चपट्या सुरीनें ती न पाहतां तुकडे भरीत होती. मुलीनें मलायींत विचारलें तेव्हां ती म्हणाली, "पहांटे साडेतीनला उठतें. आईनें शिकवलें. मुलें कचेऱ्यांत आहेत. नातवंडांना हक्का बोलतां येत नाहीं. खायला मात्र सगळीं येतात." तिच्यामागें दुकान कोण चालवील, असें विचारतां ती नुसती हंसली आणि पुढचें वांगें उचललें.

तें हंसणें मला अजून सलतें. १९८५ सालीं कथिलाचा बाजार कोसळला आणि मलेशियांतल्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. ज्या धंद्यासाठीं हे लोक समुद्र ओलांडून आले तो गेला. भाषा विरत चालली. ही न्याहारी उरली. ती उरली याचें कारण तिनें पुष्कळ कांहीं सोडलें. गहूं सोडला, डुकराचें मांस सोडलें, जेथें जी भाजी मिळाली ती घेतली. भरण्याची कृति तेवढी तिनें सोडली नाहीं, आणि ती कृति आईच्या हातांतून मुलीच्या हातांत गेली. आतां तेथेंच खंड पडूं पाहत आहे. खाणारे पुष्कळ आहेत. करणारा हात एकच आहे.

आपलीं मुलें व नातवंडें आज जगभर आहेत. त्यांनीं सर्व कांहीं आपल्यासारखेंच राखावें हा हट्ट चालणार नाहीं. गूळ मिळेल, कोकम मिळणार नाहीं, आणि तेथील भाजी वेगळी असेल. तेवढ्यानें बिघडत नाहीं. परंतु सुटींत तीं घरीं आलीं म्हणजे त्यांच्यापुढें नुसतें भरलेलें ताट ठेवूं नये. त्यांना ओट्याशीं उभें करावें, वांग्याला चीर कशी द्यावी, सारण किती भरावें, हें त्यांच्या हातांकडून करवून घ्यावें. पहिलीं चार वांगीं फुटतील. फुटूं द्यावीं.