एरर आली तरी क्लीनअप व्हायलाच हवं: ऑप्टिमायझरची परीक्षा कशी घ्यायची

आजचा भाग चिखल्याहून, आमच्या डहाणू तालुक्यातून रेकॉर्ड केलाय. मागे वाऱ्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या. विषय थोडा खोलातला आहे: कंपायलर आपला कोड फास्ट करतो, तेव्हा एररच्या वेळची साफसफाई तो उडवून तर देत नाही ना, हे तपासायचं कसं?

आधी साफसफाई म्हणजे काय ते बघू. सी प्लस प्लसमध्ये लोकल ऑब्जेक्ट बनला की त्याचा डिस्ट्रक्टर ठरलेला. फंक्शन शेवटपर्यंत चालू दे, मधूनच रिटर्न होऊ दे, नाहीतर एक्सेप्शन येऊन बाहेर फेकलं जाऊ दे, तो चालायला हवा. फाइल बंद होते, लॉक सुटतो, कनेक्शन पूलमध्ये परत जातं. एक्सेप्शन वर जाताना एकेक फंक्शन असं आवरत जातं, त्याला अनवाइंडिंग म्हणतात.

आता समजा, एका पतपेढीच्या सर्व्हरवर डेटाबेसची २० कनेक्शनं आहेत. एररच्या वाटेवरचं क्लीनअप गायब झालं, तर प्रत्येक एररला एक कनेक्शन अडकतं. पहिल्या १९ वेळा कुणाला काही कळत नाही. विसाव्या एररनंतर काउंटरवरचं काम ठप्प. सोर्स कोड कितीही वाचा, चूक सापडणार नाही, कारण चूक तिथे नाहीच.

हे होऊ कसं शकतं? एलएलव्हीएमचं उदाहरण घेऊ. हा प्रकल्प २००० साली इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि विक्रम आडवे यांनी सुरू केला. आडवे सर आपल्या आयआयटी मुंबईचे बीटेक. यात फंक्शन बोलावायच्या दोन मुख्य सूचना आहेत, कॉल आणि इन्व्होक. कॉलला पुढे एकच वाट. इन्व्होकला दोन: सगळं नीट झालं तर एकीकडे, एक्सेप्शन आलं तर लँडिंग पॅडकडे. क्लीनअप त्या लँडिंग पॅडपासून सुरू होतं.

ऑप्टिमायझरला खात्री पटली की समोरचं फंक्शन एक्सेप्शन फेकतच नाही, तर तो इन्व्होकचा कॉल करतो आणि लँडिंग पॅड काढून टाकतो. खात्री बरोबर असेल तर हे योग्यच आहे. ती चुकीची असेल तर क्लीनअप गेलं. इनलायनिंगमध्येही धोका आहे. ‘अ’ने ‘ब’ला इन्व्होकने बोलावलंय, आणि ‘ब’ने आत ‘क’ला साध्या कॉलने, कारण ‘ब’कडे आवरायचं काही नव्हतं. ‘ब’ उचलून ‘अ’मध्ये टाकला की ‘क’चा कॉल इन्व्होक करून ‘अ’च्या लँडिंग पॅडला जोडावा लागतो. ते राहिलं तर ‘क’मधलं एक्सेप्शन ‘अ’चं क्लीनअप टाळून निघून जाईल.

चिकूच्या वाडीत पावसाचं पाणी काढायला चर खणतात. आठ महिने तो कोरडा. मे महिन्यात कुणी म्हटलं, इथून पाणी जातच नाही, बुजवा, तर जूनपर्यंत तो शहाणाच ठरतो. आपल्या रोजच्या टेस्ट या मे महिन्यातल्या असतात.

मोठमोठ्या टेस्टिंगमधूनही ही वाट सुटते. २०११ साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ हे टूल मांडलं. रँडम सी प्रोग्राम बनवायचे, वेगवेगळ्या कंपायलरमधून काढायचे, उत्तरं जुळतात का बघायचं. त्यातून ३२५ हून जास्त बग निघाले. जबरदस्त काम! पण सी भाषेत एक्सेप्शनच नाहीत, म्हणजे या वाटेवर पाऊलच पडलं नाही.

मग करायचं काय?

पहिलं, एरर मुद्दाम आणा, आणि प्रत्येक जागी आणा. प्रोग्राममध्ये फेकू शकणारे दहा कॉल असतील तर दहा वेळा चालवा. एकदा पहिल्यावर फेका, एकदा दुसऱ्यावर, असं. कुठे फेकायचं तो आकडा बाहेरून, रनटाइमला द्या. कोडमध्येच लिहिलात तर ऑप्टिमायझर तो आधीच वाचून सगळं सोडवून टाकतो आणि तुमची टेस्ट पोकळ होते.

दुसरं, आउटपुट बघू नका, हिशोब बघा. पूर्ण झालेले कन्स्ट्रक्टर किती, चाललेले डिस्ट्रक्टर किती? कॉपी आणि मूव्हवालेही मोजा. शेवटी बाकी शून्य हवी.

इथे कुणी म्हणेल, ओ-झीरो आणि ओ-टूचे आकडे जुळले की झालं. नाही होत. एक तर काही कॉप्या गाळायची परवानगी स्टँडर्डच देतं, त्यामुळे एकूण आकडा वेगळा आला म्हणून बग ठरत नाही. दुसरं म्हणजे दोन्हीकडे सारखीच चूक असू शकते. जीसीसीच्या बग यादीत ३३७९९ नंबरची, २००७ सालची नोंद आहे. रिटर्न करायचा ऑब्जेक्ट तयार झाल्यावर लोकल व्हेरिएबलच्या डिस्ट्रक्टरने एक्सेप्शन फेकलं, तर त्या तयार ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालतच नव्हता. ही गडबड ऑप्टिमायझरच्या आधीची. तुलना करून ती सापडली नसती. बाकी शून्य आहे का, या प्रश्नाने सापडते.

तिसरं, टेस्टमध्ये वर कुठेतरी कॅच ठेवाच. एक्सेप्शन कुणीच पकडणार नसेल, तर टर्मिनेटच्या आधी अनवाइंडिंग करायचं की नाही हे स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय. तिथे डिस्ट्रक्टर चालला नाही म्हणून बग नोंदवू नका.

चौथं, एकेक पास वेगळा तपासा. एलएलव्हीएममध्ये ऑप्ट टूलने फक्त इनलायनिंग चालवता येतं, आणि फाइलचेकने विचारता येतं: इथे इन्व्होक उरलाय का, लँडिंग पॅडवर क्लीनअप लिहिलंय का?

आणि शेवटचं, टेस्टचीही टेस्ट घ्या. तो क्लीनअप हाताने काढा आणि टेस्ट लाल होते का बघा. नाही झाली, तर ती टेस्ट काहीच राखत नाहीये.

यामागचं शास्त्र शिकायचं असेल तर उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचं २००९ सालचं पुस्तक जरूर बघा. वाचताना एक लक्षात ठेवा: ‘सगळ्या वाटांवर’ असं म्हटलं की त्यात एक्सेप्शनची वाटही आली.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये एररच्या वाटेवर टेस्ट आहेत का? एकदा मोजून बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात.