माणसं ओळखणारा एसी

मोठ्या दिवाणखान्यात माणसं दोनच, पण एसी गार करत बसतो अख्खी खोली. यावर उपाय म्हणून काही नव्या एसींमध्ये इन्फ्रारेड सेन्सर असतो. शरीरातून बाहेर पडणारी उष्णता टिपून तो माणसं कुठे आहेत हे ओळखतो. मग पुढच्या झडपा वळतात आणि वारा तिकडे जातो. झोत थेट अंगावर नको असेल, तर बाजूलाही वळवता येतो. खोली रिकामी झाली, की वीज वाचवण्यासाठी गारवा कमी होतो. मात्र सेन्सरपुढे पडदा किंवा कपाट येऊ देऊ नका.

वीज वाचवण्यासाठीच भारतात २०२० पासून स्टार रेटिंग असलेले एसी सुरुवातीला २४ अंशांवरच लावलेले येतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते, तापमान एक अंशानं वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. तेव्हा रिमोट हाती घेतलात, तरी २४ च्या खाली उतरू नका.