मर्यादा म्हणजे काय?



आमच्या आळीतल्या एक आजी दोन वर्षे गप्प घरी बसल्या. महाराष्ट्र सरकारच्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज त्यांनी केलाच नाही. म्हणाल्या, "मास्तर, २१,००० उत्पन्न लागतं म्हणे. मी कुठनं आणू?"

आम्ही पाटीवर लिहून दाखवले. मर्यादा म्हणजे कुंपण. आपण त्याच्या आत हवे. साऱ्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. त्याहून जास्त नको, कमी चालते. वय मात्र ६५ पूर्ण हवे.

२०२३ पासून हा पगार महिना १,५०० आहे. दोन वर्षांचे ३६,००० बुडाले!

म्हणून सांगतो, 'म्हणे'वर विसंबू नका. आता तुम्हाला वाचता येते. स्वतः वाचा. वयाचा, उत्पन्नाचा दाखला घेऊन तहसील कचेरीत अर्ज द्या.