वाळवंटातले तीन दिवस आणि पाण्याची बाटली

(कॅमडेन येथे झालेल्या मंडळाच्या स्नेहमेळाव्यातील ‘प्रवासाच्या गप्पा’ या कार्यक्रमात केलेले भाषण.)



मला सांगण्यात आलं की, वाळवंटातल्या मोठ्या रिसॉर्टमध्ये राहून आलेली तू एकटीच सापडलीस, तर पंधरा मिनिटं बोल, आणि मुख्य म्हणजे पैसे वसूल झाले का ते सांग. आपल्या मराठी माणसाचा हा खास प्रश्न. फोटो नंतर दाखव, आधी हिशोब सांग! तर सांगते. पण हा हिशोब थोडा गुंतागुंतीचा आहे, त्यामुळे जरा धीर धरा.

मुळात आम्ही गेलो कशाला? माझी आई डोंबिवलीला माझ्या दादाकडे असते. ती २०१७ साली शेवटची इकडे आली होती. तेव्हा आमच्या घरापासून चालत चालत किंग हेन्रीज रोडवर गेलो होतो, बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते दहा नंबरचं घर बघायला. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहेच. आई तिथे दोन तास रमली आणि परत चालत आली. आता तिचे गुडघे गेले. नऊ-दहा तास विमानात बसवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

२०२३ मध्ये तिचं सहस्रचंद्रदर्शन झालं. दादाने नोव्हेंबरमध्ये घरी शांत केली, चार नातेवाईक जेवायला बोलावले. मी गेले नाही. रजा मिळाली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण ‘हट्टाने मागितली असती तर मिळाली असती’ हेही खरं होतं. आई फोनवर म्हणाली, “अगं, काही नाही, तुझी नोकरी आधी.” असं म्हटलं की जास्त लागतं, नाही का?

तेव्हा मी ठरवलं, आपण अर्ध्या वाटेत भेटायचं. मुंबईहून दुबई तीन-साडेतीन तास, हीथ्रोहून सातेक तास. मुलांना नाताळची सुट्टी. कॅलेंडर बघितलं तर २६ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती! वाळवंटात, उघड्या आकाशाखाली, आईला पूर्ण चंद्र दाखवायचा. एक हजार एकावा म्हणा हवं तर. दादाचं म्हणणं होतं की त्यापेक्षा कच्छला धोरडोला जाऊ. रणोत्सवातल्या तंबूंत राहू, भुजपर्यंत विमान आहे, पुढे ऐंशी किलोमीटर मोटार, पांढऱ्या मिठावर चांदणं काय दिसतं! दादाचं बरोबर होतं. पण माझ्या मुलांच्या सुट्टीत ते बसेना आणि मला काहीतरी भव्य करून दाखवायचं होतं. म्हणजे स्पष्टच बोलायचं तर, नोव्हेंबरची भरपाई करायची होती.

आता थोडी माहिती, कारण त्यासाठीच तुम्ही बसला आहात.

त्या भागात वाळवंटी रिसॉर्टची प्रथा काही फार जुनी नाही. अल माहा १९९९ मध्ये सुरू झालं. तिथे प्रत्येक खोलीला स्वतःचा तलाव. त्याच्या भोवतीचा २२५ चौरस किलोमीटरचा प्रदेश २००३ मध्ये राखीव झाला. तिथे अरबी ओरिक्स फिरतात, पांढरे, सरळ लांब शिंगांचे. हा प्राणी १९७२ मध्ये जंगलातून नाहीसा झाला होता आणि १९८२ मध्ये ओमानमध्ये पिंजऱ्यात वाढवलेले पुन्हा मोकळे सोडले. मग २००४ मध्ये बाब अल शम्स आलं. अबुधाबीकडे लिवाच्या वाळवंटात २००९ मध्ये कसर अल सराब. ही झाली नावाजलेली मंडळी. आम्ही खिशाकडे बघून यांपैकी कुठेच राहिलो नाही. जिथे राहिलो त्याचं नाव मी घेणार नाही, उगीच कुणाला नावं ठेवायची म्हणून नाही उभी राहिले.

खोलीचा दर दिवसाला सोळाशे दिरहम. नाताळचा दर आहे, एरवी कमी असतो. पण त्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं होती. ती मी नक्षी समजले! मंडळी, ती नक्षी नाही. पहिलं अधिक म्हणजे दहा टक्के सेवाशुल्क. दुसरं म्हणजे सात टक्के नगरपालिकेचं शुल्क आणि २०१८ पासून लागू झालेला पाच टक्के व्हॅट. शिवाय २०१४ पासूनचा ‘टुरिझम दिरहम’, आमच्या वर्गाच्या हॉटेलला खोलीमागे रात्रीला वीस. सोळाशेचे झाले एकोणीसशे ऐंशी. तीन खोल्या, तीन रात्री, म्हणजे सतरा हजार आठशे वीस दिरहम. आपले तीन हजार आठशे पौंड समजा. आईच्या भाषेत चार लाख रुपये.

आणि आईच्या भाषेतच सगळी गोम होती.

पहिल्या रात्री जेवायला बसलो. वाढप्याने काचेची पाण्याची बाटली आणून उघडली. आईने मेनूकार्ड हातात घेतलं, चष्मा लावला, दादाला विचारलं, दिरहम कितीला? दादा भोळा, त्याने सांगून टाकलं. आईने तोंडी गुणाकार केला. अठ्ठावीस गुणिले साडेबावीस. “सहाशे तीस रुपये? पाण्याला?” मग म्हणाली, “मला तहान नाही.” डोंबिवलीत तेवढ्यात दहा लिटर दूध येतं, हे तिने पुढच्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की ती नाश्त्याला भरपूर खाते, कारण तो भाड्यात धरलेला आहे, आणि दुपारी ‘भूक नाही’ म्हणते. तिच्या पर्समध्ये नाश्त्याच्या टेबलावरची दोन केळी आणि एक बन मिळाला. मी चिडले. वाळवंटात, शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “आई, मी पैसे दिलेत ना? हिशोब करू नकोस!”

ती शांतपणे म्हणाली, “हिशोब केला म्हणून तू शिकलीस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. (जाता जाता सांगते, आईचा दुबईत रुपयात हिशोब करणं इतकं काही चुकीचं नव्हतं. १९६६ पर्यंत दुबईत रुपयाच चालत असे! रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. १९६६ मध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्या लोकांनी त्याचा नाद सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये. हे आमच्या ह्यांनी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग त्यांनी तेव्हाचेच भाव ठेवायचे होते.”)

आता तिथल्या अनुभवाविषयी. खोल्या सुंदर. मातीच्या रंगाच्या जाड भिंती, आत गारवा. मुलं पोहण्याच्या तलावातून बाहेर यायला तयार नव्हती. ससाण्याचे खेळ बघितले, ते उत्तम. उंटावर बसणं एकदा पुरे, कंबर सांगते. सकाळी सहाला बाहेर आलात तर वाळूवर रात्रीच्या किड्यांचे, सरड्यांचे बारीक ठसे असतात. ऊन वर आलं, वारा सुटला की पुसले जातात. याला पैसे पडत नाहीत आणि ते बघायला कुणी उठतही नाही. रात्री थंडी मात्र चांगली पडते. बाराएक अंशांपर्यंत उतरतं, स्वेटर न्या. एक बाई रिसेप्शनवर तक्रार करत होत्या की खोलीत वाळू येते. त्यांना काय सांगणार?

आमची तक्रार वेगळी होती. मी दोन महिने आधी लेखी कळवलं होतं की आईला व्हीलचेअर लागते, खोली जेवणघराजवळची द्या. ‘नक्की’ असं उत्तर आलं होतं. प्रत्यक्षात खोली मिळाली अगदी टोकाची, जेवणघरापासून सहाशे पावलं, मध्ये वाळू आणि दगडी पायऱ्या. म्हणे बॅटरीवरची बग्गी येईल. बग्गी यायची, पण तिच्या मर्जीने.

आणि मग २६ तारखेची संध्याकाळ. मी टेकडीवरचं खास जेवण ठरवलं होतं, गालिचे, कंदील, डोईवर आकाश. माणशी साडेचारशे दिरहम, सात माणसं. हिशोब तुम्हीच करा, मला आता नको. आईने डोंबिवलीहून सुंठवडा करून आणला होता, डब्याला फडकं बांधून. तिची एकच इच्छा, तिन्हीसांजेला दत्तजन्माच्या वेळेस चंद्राकडे तोंड करून बसायचं. पाच वाजता बग्गी सांगितली. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. फोन केला की ‘दोन मिनिटं, मॅडम’. सूर्य टेकला. आमच्या बाजूला उंच भिंत, चंद्र काही दिसेना. मुलं भुकेली. दादा म्हणतोय खुर्ची उचलून नेऊ, हे म्हणतायत पायऱ्यांवर पडाल. मी रिसेप्शनशी भांडतेय इंग्रजीत आणि दादाशी भांडतेय मराठीत.

तेवढ्यात चादरींची गाडी ढकलत जाणारा एक माणूस थांबला. पंचेचाळीसच्या आसपासचा असेल. म्हणाला, “आज्जी, तुम्ही कुठच्या?” रत्नागिरी जिल्ह्यातला निघाला. एकोणीस वर्षं आखातात. त्याने काय चाललंय ते दोन वाक्यांत समजून घेतलं, इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाला, “चला माझ्याबरोबर, पण पटकन.”

त्याने आईची खुर्ची नोकरांच्या वाटेने नेली. ती वाट सपाट, सिमेंटची. पाहुण्यांसाठी वाळू आणि पायऱ्या, आणि चादरींच्या गाड्यांसाठी गुळगुळीत रस्ता! धुलाईघराच्या मागे एक लोखंडी फाटक होतं. ते उघडलं आणि समोर सगळं वाळवंट. बाजूला गॅसची नळकांडी, मोठ्या मशिनची घरघर, साबणाच्या वाफेचा वास. आणि समोर तो, केव्हाच उगवून वर आलेला, पिवळा.

आई काही बोलली नाही. हात जोडले. तिने दत्ताची आरती पुटपुटत म्हटली, दादा आणि मी मागून धरली, मशिनच्या आवाजात फारसं ऐकू आलं नसेल. मग तिने डबा उघडला आणि पहिली चिमूट त्या माणसाच्या हातावर ठेवली. त्याने ती खाल्ली, ‘सुंठ कडक आहे’ म्हणाला. आईने त्याला विचारलं, घरी कोण असतं? आई असते, म्हणाला, दोन वर्षांनी एकदा जातो. मग आईने पगार विचारला, विचारणारच! तो नुसता हसला. दहा मिनिटांनी म्हणाला, आता निघायला हवं, इथे पाहुण्यांना आणायची परवानगी नाही.

टेकडीवर पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. कंदील होते, गालिचे होते. आईने दहीभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला गाठलं, कळवल्याचा कागद दाखवला, बग्गीची वेळ सांगितली. त्याने माफी मागितली आणि त्या जेवणाचं निम्मं बिल कमी केलं. दीड हजाराच्या वर दिरहम वाचले. म्हणून सांगते, तुमची गरज लेखी कळवा आणि तो कागद बरोबर ठेवा. तोंडी बोलण्याला तिथे काही किंमत नाही.

निघताना त्यांनी अभिप्रायाचा फॉर्म दिला. कोणत्या कर्मचाऱ्याने विशेष सेवा दिली, त्याचं नाव लिहा. मी पेन काढलं. आईने माझा हात धरला. “नाव लिहू नकोस. त्याने फाटक उघडलं म्हणून त्यालाच बोल बसतील.” मी म्हटलं, अगं, कौतुक लिहितेय. ती म्हणाली, “काय म्हणून लिहिणार? कुठे नेलं म्हणून?” बरोबर होतं तिचं. बग्गीबद्दल अर्धं पान लिहिलं आणि तो रकाना कोरा सोडला. सुंठवड्याचा उरलेला डबा मात्र आईने खोलीतल्या उशीवर ठेवला, वर मराठीत चिठ्ठी. आमची खोली तोच आवरायचा की दुसरं कुणी, ते काही आम्हाला कळलं नाही.

तर पैसे वसूल झाले का? खोलीचे, म्हणाल तर झाले, पण तीन रात्रींऐवजी दोन पुरे होत्या, आणि नाताळ सोडून नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत गेलात तर खूपच स्वस्त पडेल. उन्हाळ्यात दर आणखी उतरतात. पण पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा त्या मोहात पडू नका. टेकडीवरच्या जेवणाचे अजिबात नाहीत झाले. आणि आईला विचाराल तर ती अजून पाण्याच्या बाटलीचंच सांगते. शेजारणींना सांगताना तिची किंमत आता सातशेवर गेली आहे.

आणखी काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी विचारा, तिकडे वड्यांचा वास सुटलाय आणि तुमचं लक्ष केव्हाच उडालंय. फक्त बुकिंग करायच्या आधी ती दोन अधिकची चिन्हं शोधा.