हरलेल्या टीमचा पुढचा रविवार

तुमच्यापैकी निम्मे जण हा एपिसोड विरार फास्टमध्ये उभ्याने ऐकत असणार, त्यामुळे आधीच सांगतो, आज कोड नाही, ॲप नाही, एआय नाही. आजचा विषय फुटबॉल. पण मेस्सी की रोनाल्डो हा वादही नाही. आज आपण बोलणार आहोत मुंबईतल्या एका जुन्या लीगबद्दल. ही लीग १९०२ साली सुरू झाली. आपल्यातले कितीतरी जण बुंडेसलिगाचं पॉइंट्स टेबल तोंडपाठ सांगतात, पण चर्चगेटला उतरून पंधरा मिनिटं चाललं की जे मैदान लागतं, तिथल्या लीगचं नाव त्यांनी ऐकलेलं नसतं. नाव आहे हार्वूड लीग.

आधी एक फरक समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. कप आणि लीग यांतला फरक.

समजा सोळा टीम आहेत. नॉकआउट कप खेळवला तर एकूण मॅच होतात पंधरा. आठ टीम पहिली मॅच हरतात आणि बॅगा उचलून घरी जातात. म्हणजे निम्म्या पोरांची अख्खी टुर्नामेंट एका मॅचमध्ये खलास. आता त्याच सोळा टीमची लीग घ्या. प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळणार. एकूण मॅच एकशे वीस आणि सगळ्यात शेवटी राहणाऱ्या टीमलाही पंधरा मॅच मिळतात. कप चॅम्पियन शोधून देतो, बरोबर आहे. पण लीग हरलेल्याला पुढचा रविवार देते.

इंग्लंडमध्ये १८८८ साली पहिली फुटबॉल लीग निघाली, तीही ह्याच हिशेबातून. १८८५ साली खेळाडूंना पगार द्यायला अधिकृत परवानगी मिळाली होती. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण मॅचचा भरवसा नाही. कपमधून लवकर बाहेर पडलात की काम संपलं, आणि मैत्रीपूर्ण सामने ऐनवेळी रद्द व्हायचे. ॲस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर यांनी सुचवलं, ठरावीक क्लब, ठरावीक वेळापत्रक. बारा क्लब जमले. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे प्रत्येकाला बावीस मॅच. लीगचा जन्म असा टाइमटेबलमधून झाला.

आता येऊ मुंबईत. इथे आधी आला कप. रोव्हर्स कपची पहिली स्पर्धा १८९१ साली झाली आणि जिंकली वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने. गोरी पलटण. तेव्हाचं मुंबईतलं मोठं फुटबॉल म्हणजे बहुतेक असंच. पलटणी यायच्या, खेळायच्या, बदली झाली की जायच्या. त्यानंतर १९०२ मध्ये लीग आली आणि १९११ साली रोव्हर्स कपवाले आणि बॉम्बे फुटबॉल असोसिएशन एकत्र येऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन झाली. आपण जिला विफा म्हणतो ती हीच. त्याच वर्षी तिकडे कलकत्त्यात मोहन बागानने बहुतेक अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ हरवलं आणि आयएफए शील्ड जिंकली.

मुंबईत हे व्हायला मात्र बराच वेळ लागला. १९२३ मध्ये मोहन बागान रोव्हर्स कपच्या फायनलपर्यंत आलं आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून ४–१ हरलं. रोव्हर्स कप पहिल्यांदा एका भारतीय संघाने जिंकला १९३७ साली, आणि तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. हिशेब करा, १८९१ ते १९३७. सेहेचाळीस वर्षं!

स्वातंत्र्यानंतर पलटणींची जागा कंपन्यांनी घेतली. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, वेस्टर्न रेल्वे, महिंद्रा. पोरगा चांगला खेळतो ना, मग त्याला नोकरी द्या, संध्याकाळी खेळेल. कॅलटेक्स ही तेल कंपनी, तिच्या टीमने १९५८ चा रोव्हर्स कप मारला. गोव्याच्या आसगावचे नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांकडून खेळायचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ हरवलं, त्या मॅचमध्ये त्यांनी हॅटट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या वेळी भारत चौथा आला. असा माणूस आभाळातून पडत नाही. त्याला वर्षभर मॅच लागतात, समोर दर आठवड्याला तगडा बॅक लागतो.

पण कंपनीच्या जिवावर उभ्या राहिलेल्या फुटबॉलची एक अडचण असते. कंपनीने बजेट बदललं की टीम गेली. महिंद्रा युनायटेडने २००५–०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, म्हणजे देशात पहिला नंबर. आणि २०१० मध्ये टीम बंद झाली. रोव्हर्स कपही २०००–०१ नंतर झाला नाही. मुंबईची लीग नावं आणि डिव्हिजन बदलत चालू राहिली, पण आपल्या पिढीच्या कानावर ती आलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग बुंडेसलिगावाल्यांनी काय वेगळं केलं? तर ऐका. बुंडेसलिगा सुरू झाली १९६३ मध्ये. बऱ्याच जणांना वाटतं, तिथूनच जर्मन फुटबॉल सुरू झालं. तसं नाही. त्यांची राष्ट्रीय संघटना १९०० साली लाइपझिगमध्ये स्थापन झाली, तेव्हाच ८६ क्लब होते. आणि त्यानंतर साठेक वर्षं देशाची एक लीग नव्हतीच. होत्या प्रादेशिक लीग. दक्षिण जर्मनीचे चार भाग पाडले होते आणि प्रत्येकाची आपली लीग. त्यातल्या दक्षिण भागाची, म्हणजे स्यूडक्राइसची लीग १९०८ मध्ये सुरू झाली. जवळजवळची गावं, ट्रेनने सकाळी जायचं, खेळून रात्री घरी.

ह्या लीगमध्ये कार्ल्सरू शहराचे दोन क्लब होते, फिनिक्स आणि केएफव्ही. १९०९ मध्ये फिनिक्स अख्ख्या जर्मनीचा चॅम्पियन झाला. १९१० मध्ये केएफव्ही झाला, आणि त्यासाठी सेमीफायनलमध्ये त्याने कोणाला हरवलं? फिनिक्सलाच. लागोपाठ दोन वर्षं, एकाच शहरातले, एकाच प्रादेशिक लीगमधले दोन क्लब! त्या वेळी कार्ल्सरूची लोकसंख्या दीड लाखाच्या आत होती. आपल्या वसई-विरारची २०११ च्या जनगणनेत बारा लाखांच्या वर होती.

आता घरचा विषय. माझा मामेभाऊ नालासोपाऱ्यात राहतो, सोळा वर्षांचा आहे, डाव्या पायाने अप्रतिम क्रॉस टाकतो. गेल्या वर्षी तो पाच टुर्नामेंट खेळला. टर्फवरच्या, एका दिवसाच्या, एंट्री फी भरून, रात्री ट्रॉफी आणि फोटो. पाच टुर्नामेंटमध्ये मिळून मॅच किती? सात! उरलेलं वर्ष तो मोबाइलवर हायलाइट्स बघतो. मुंबईत जाऊन खेळ म्हणावं, तर विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. आपल्या मार्गावरची पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ ला विरारहूनच सुटली होती, म्हणजे ट्रेनची सोय दीडशे वर्षांपासून आहे. पण बारावीतल्या पोराने एका मॅचसाठी जाऊन-येऊन तीन तास घालवायचे, हे किती दिवस चालणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे टुर्नामेंट खूप आहेत, आपल्याला लीग हवी. आणि ती दिसते तेवढी अवघड नाही. आठ टीम घ्या. माणिकपूर, पापडी, निर्मळ, आगाशी, अर्नाळा, नालासोपारा, विरार, नायगाव. एक टीम एका जागी फिक्स ठेवा, बाकीच्या सात टीम दर आठवड्याला एकेक खुर्ची पुढे सरकवा, समोरासमोर बसतील त्यांची मॅच. इंजिनीअरिंगला ह्याला राउंड रॉबिन म्हणतात, पण संगीत खुर्ची खेळलेल्या कोणालाही हे कागदावर जमेल. दर रविवारी चार मॅच, असे सात रविवार, एकूण अठ्ठावीस मॅच. एक मैदान पुरतं. आणि प्रत्येक पोराला सात मॅच नक्की मिळतात, पहिली ०–५ ने हरला तरी.

तीन गोष्टींवर मात्र तडजोड नको. एक, ठरलेल्या दिवशी मॅच होणारच, समोरची टीम तगडी असो की कच्ची. दोन, रेफरी बाहेरचा, त्याला मानधन द्यायचं. तीन, प्रत्येक मॅचचा स्कोअर, गोल कोणी मारला, कोण खेळलं, हे लिहून ठेवायचं. एक साधी शीट पुरते, आणि ती सगळ्यांना उघडी हवी. कप जिंकणाऱ्याचं नाव ट्रॉफीवर कोरलं जातं, पण पाचव्या नंबरच्या टीमच्या लेफ्ट बॅकचं नाव फक्त लीगच्या वहीतच सापडतं. उद्या कोणी निवड करायला आलं तर ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल.

स्पॉन्सर मिळाला तर उत्तमच. पण सुरुवात त्याच्यावर टांगून ठेवू नका. महिंद्रासारखी देशातली नंबर एक टीमही कंपनीने हात काढल्यावर टिकली नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. आठ टीमनी वर्गणी काढली तर लीग त्या आठांची राहते.

तुमच्या गावात, पॅरिशमध्ये, सोसायटीत टीम असेल तर आजच दुसऱ्या सात जणांना हा एपिसोड पाठवा आणि खाली लिहा, तुमचं मैदान कुठलं आणि रविवारी किती वाजता रिकामं असतं. वेळापत्रक मी बनवून देतो, ते माझं रोजचंच काम आहे. चला, स्टेशन आलं असेल, उतरताना मोबाइल सांभाळा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!