मूत्रपिंड गेले, वाट राहिली

श्रोतेहो, खाडीकाठच्या आपणा म्हसळेकरांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. वरून ओढा वाहता असला, की तोंडाशी घाण टिकत नाही. ओढा आटला, की भरतीचे पाणी आत शिरते आणि तिथेच साचून कुजते. आज सांगायचे आहे ते याच्यासारखेच, पण माणसाच्या पोटातले.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचे डावे मूत्रपिंड मुतखड्याने निकामी झाले, म्हणून १४ वर्षांपूर्वी मुंबईस काढले. पुढे त्यांनी शेती केली, मुलीचे लग्न केले. गेल्या वर्षी मात्र थंडी वाजून ताप येऊ लागला. लघवीला जळजळ, डाव्या ओटीपोटात दुखणे. हिवताप समजून औषधे झाली. "अहो, किडनीच काढलीय, आता तिथं दुखायला उरलंय काय?" असे ते म्हणत.

उरली होती मूत्रवाहिनी. मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी ही नळी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. खड्यासाठी मूत्रपिंड काढताना तिचा खालचा भाग बहुधा तसाच ठेवतात. ही चूक नव्हे. तो काढायला शस्त्रक्रिया वाढवावी लागते, आणि बहुतेकांना त्याचा पुढे त्रास होत नाही. नळीच्या किंवा मूत्रपिंडातील तशाच अस्तराच्या कर्करोगात मात्र सबंध नळी मुळापासून काढतात.

काहींच्या बाबतीत मूत्राशयाकडचे तोंड सैल असते. लघवी उलटी वर चढते, आणि धुऊन काढायला वरून धार नसते. मग तिथे पू होतो, कधी खडा धरतो, क्वचित गाठही होते. हे काही महिन्यांनी होईल किंवा कित्येक वर्षांनीही.

१८६९ साली जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव सिमॉन या शल्यविशारदाने ठरवून पहिल्यांदा मूत्रपिंड काढले, ते मूत्रवाहिनीतून सतत लघवी गळत होती म्हणून! रोगी बाई बरी झाली. एका मूत्रपिंडावर माणूस जगतो, हे तेव्हा सिद्ध झाले. पण म्हणूनच त्या उरलेल्या एकाला जपायचे असते. जंतू त्याच्यापर्यंत पोचू देऊन चालणार नाही.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. शस्त्रक्रिया कितीही जुनी असो, नव्या डॉक्टरांना ती आधी सांगा. इस्पितळाचे कागद जमिनीच्या सातबाऱ्याइतके जपा. लघवीतून एकदा जरी रक्त गेले, तरी तपासून घ्या.

आमच्या गृहस्थांचे कागद ट्रंकेत सापडले. नळीचा खालचा भाग ठेवल्याची नोंद त्यांत होती. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि मूत्राशयात औषध भरून क्ष-किरण चित्र झाले, आणि दोष उघड झाला. काहींना जंतुनाशक औषधे पुरतात. यांचा ताप पुन्हा पुन्हा उलटत होता, म्हणून तो तुकडा काढला. आता ताप नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावी पोटावर जुना व्रण असलेला कुणी वारंवार तापाने पडत असेल, तर त्याला एवढेच विचारा: "दादा, ते जुने कागद कुठं आहेत?"